अकरा अर्ज, एक धमकी

बुधवार, ३१ जानेवारी २००७. सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि यवतमाळच्या जिल्हा कचेरीबाहेर निंबाच्या झाडाखाली गोविंदा नगराळे दिवसाचा तिसरा अर्ज टाइप करत होता. आदल्या दिवशी सुट्टी असल्यामुळे गर्दी दुपटीची होती. समोर मुकुटबनहून पहाटेच्या एसटीने आलेला एक म्हातारा उकिडवा बसला होता. त्याला आपल्या भरमार बंदुकीच्या परवान्याचं नूतनीकरण करून हवं होतं.

"बंदूक कोणाची?" गोविंदाने विचारलं.

"आज्याची. मंग बापाची. आता माही."

"चालते का?"

"आवाज करते. रोही पयते."

गोविंदाने 'शस्त्र सुस्थितीत आहे' असं टाइप केलं. रोही म्हणजे नीलगाई आणि रानडुकरं कापसाच्या पऱ्हाटीचं किती नुकसान करतात, याचं एक वाक्य त्याला पाठ होतं. तेही टाइप केलं. म्हाताऱ्याने वाचून दाखवायला सांगितलं नाही. अंगठा उठवला आणि कागद घेऊन फाटकातून आत गेला.

शस्त्र परवान्याचे अर्ज ही गोविंदाची खासियत होती. तसा तो सगळंच टाइप करायचा: जातीचा दाखला, फेरफार, प्रतिज्ञापत्र. पण बंदुकीचा कागद असला की बाकीचे टंकलेखक बोट दाखवून गिऱ्हाईक त्याच्याकडे पाठवत. सत्तावीस वर्षं तो याच झाडाखाली होता. कलेक्टर किती आले नि गेले, ते त्याने मोजले नव्हते. कोणता कागद टेबलावरून पुढे सरकतो आणि कोणता परत येतो, हे मात्र त्याला परवाना शाखेतल्या नव्या कारकुनापेक्षा चांगलं कळायचं. येणाऱ्याला तो पहिल्यांदा एकच गोष्ट सांगायचा. बंदूक हा आपला हक्क नाही, सरकारची परवानगी आहे, आणि परवानगीला कारण लागतं. पिकाच्या राखणीसाठी असेल तर जनावरांचं नाव लिहायचं. घराच्या, जिवाच्या रक्षणासाठी असेल तर माणसाचं.

"कोर्टात जायाचं हाय ना आज तुले?" शेजारच्या टेबलावरून विमलताईंनी विचारलं. त्या मुद्रांक विकायच्या. गोविंदापेक्षा चार वर्षांनी मोठ्या होत्या आणि त्याला एकेरीच बोलवायच्या.

"पुकारा दोन वाजल्यावर हाय म्हणे."

"मंग शर्टाले इस्तरी तरी करून याचं. साक्षीदार नाई, आरोपी वाटून राह्यला."

विमलताईंनी त्याच्या टेबलाखालच्या पिशवीकडे पाहिलं. पिशवीतून एका जुन्या फाइलीचा कोपरा बाहेर आला होता.

"हे कायले नेतं? समन्सात कागद आणा म्हणून लिहिलं हाय का?"

"नाई लिहिलं."

"मंग राहू दे घरी. विचारलं तेवढंच सांगावं माणसानं. वकील मॅडमनं तुले समजावलं ना काय बोलायचं ते?"

"समजावलं."

वकील मॅडम म्हणजे आरोपीच्या बाजूच्या ॲडव्होकेट सुमेधा दंडे. त्यांनी गोविंदाला तीन दिवसांपूर्वी कार्यालयात बोलावून दोन वाक्यं सांगितली होती. साहेबांनी मजकूर सांगितला. मी तो टाइप केला. एवढं बोलायचं आणि खाली उतरायचं. पहिलं वाक्य खोटं होतं. ते खोटं आहे हे मॅडमना माहीत नव्हतं, किंवा माहीत करून घ्यायचं नव्हतं. गोविंदाला मात्र गेल्या चौदा महिन्यांत एकही दिवस त्याचा विसर पडला नव्हता.

गोष्ट २००४ सालची. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले कार्यकारी अभियंता चारुदत्त पांढरीपांडे मार्च महिन्यात या टेबलापाशी आले. लोहाऱ्याच्या पलीकडे त्यांनी घर बांधलं होतं, मागे आठ एकर शेत. मुलं पुण्यात, घरात ते आणि पत्नी गौरीबाई. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. ज्यांना थांबणं परवडत होतं त्यांनी कापूस घरातच भरून ठेवला होता. पांढरीपांड्यांच्या पुढच्या खोलीतही छातीइतका ढीग होता. बैठक मागच्या खोलीत गेली होती आणि पाहुण्यांना अंग खाजवत बसावं लागायचं. बाजारात भावाच्या गप्पा कमी आणि चोऱ्यांच्या जास्त. अमक्याच्या ओसरीतून चार क्विंटल गेला, तमक्याच्या म्हातारीला बांधून ठेवलं. त्यातल्या किती खऱ्या, कोणी मोजत नव्हतं.

साहेबांनी स्वतःच्या हाताने, सुरेख अक्षरात लिहिलेला अर्ज एकदा परत आला होता. शेरा होता, 'धोक्याचा विशिष्ट तपशील नाही.'

"एकांतात राहतो, घरात माल आहे, वय झालं आहे. याहून काय विशिष्ट पाहिजे यांना?" साहेब म्हणाले.

"माणूस पाह्यजे साहेब. कोणाशी वाद?"

"वाद असा नाही. तांड्यावरचा तो धावजी राठोड आहे. बैल आमच्या बांधावरून नेतो. एकदा मी रागावलो, तोही काहीतरी बोलला. तेवढंच."

गोविंदाने कार्बन घातला आणि टाइप केलं. 'सदर इसमाने अर्जदारास, "तू एकटा राहतोस, तुला घरात घुसून संपवीन," अशी उघड धमकी दिली असून अर्जदार व त्यांची पत्नी सतत भीतीच्या छायेत आहेत.'

साहेबांनी चष्मा लावून मजकूर वाचला. मग म्हणाले, "नगराळे, असं तो म्हणाला नव्हता."

"साहेब, असं लिहाच लागते."

सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाला अमुक एक लिहावंच लागतं हे पटायला वेळ लागत नाही. त्यांनी सही केली.

तेच वाक्य गोविंदाने त्याआधीही वापरलं होतं. पहिल्यांदा १९९८ मध्ये, एका किराणा दुकानदारासाठी. तो अर्ज पंधरा दिवसांत मंजूर झाला, म्हणून वाक्य राहिलं. नाव तेवढं बदलायचं. तीस-चाळीस घरांच्या वस्तीतला, ज्याच्या बाजूने कोणी वकील उभा राहणार नाही असा माणूस निवडला की पोलीस पडताळणीही लवकर आटोपते, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. अनुभवाने कळलं होतं. गोविंदाच्या बापाचं नाव एका सावकाराने असंच एका फिर्यादीत घातलं होतं. बाप आठ दिवस कोठडीत राहून आला होता. टाइप करताना ते गोविंदाला आठवलं नाही. नंतर आठवलं.

परवाना सप्टेंबरमध्ये मिळाला. साहेबांनी बारा बोअरची एकनळी घेतली आणि पेढे घेऊन आले. पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी पुन्हा आले, कशाची तरी प्रत हवी होती म्हणून. जाताना म्हणाले, "तुम्ही लिहिलं ते बरोबरच होतं नगराळे. त्याची नजर चांगली नाही. थांबून घराकडे पाहतो." गोविंदाला तेव्हाच बोलायला हवं होतं. साहेब, ते वाक्य माझं आहे, धावजीचं नाही, एवढंच. पण मागे गिऱ्हाईक उभं होतं.

१८ नोव्हेंबर २००५ ला सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी धावजी राठोड पांढरीपांड्यांच्या उघड्या फाटकातून आत आला. ऊन पडलं होतं. बैल रस्त्यावर उभे होते आणि हातात बैल हाकायची काठी होती. तो मोठ्याने काहीतरी विचारत होता. ओसरीतून साहेबांनी गोळी झाडली. छर्रे डाव्या गुडघ्यात आणि मांडीत गेले. पाय राहिला, पण वाकत नाही.

खून करण्याचा प्रयत्न, असा गुन्हा दाखल झाला. बचाव होता आत्मसंरक्षणाचा. कायदा घरधन्याला पुष्कळ देतो. जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग, किंवा जीव जाईल अशी रास्त भीती वाटावी असा घरातला शिरकाव, या प्रसंगी समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत तो जाऊ शकतो. मात्र गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. इथे रात्र नव्हती, घरफोडी नव्हती, फाटक उघडं होतं. राहिली ती रास्त भीती. ती खरी होती याचा एकच लेखी पुरावा होता, गोळीच्या वीस महिने आधीचा, कचेरीच्या शिक्क्याचा. कोर्टाच्या कागदांत निशाणी क्रमांक ३४. गोविंदाने टाइप केलेला अर्ज.

धावजीची साक्ष गेल्या महिन्यात, डिसेंबरमध्ये झाली. ती पेपरात चार ओळींत आली. 'माझं नाव काहून देल्लं ते विचाराले गेलतो,' असं त्याने सांगितलं होतं. बातमी वाचल्यावर गोविंदाने घरी पेटीतून कार्बन प्रतींची फाइल काढली. नमुना म्हणून तो एकेक प्रत ठेवायचा. धमकीचं ते वाक्य अकरा अर्जांत निघालं. माणसं अकरा, गावं नऊ, धमकी एकच, स्वल्पविरामासकट.

दुपारी पावणेतीनला पुकारा झाला. शपथ घेताना न्यायाधीशांनी त्याला मोठ्याने बोलायला सांगितलं. आरोपीच्या जागी पांढरीपांडे साहेब उभे होते. बरेच वाळले होते. त्यांनी गोविंदाकडे ओळखीचं पाहिलं आणि मान हलवली. मागच्या बाकावर धावजी पाय सरळ पसरून बसला होता, शेजारी त्याची बायको जमनी.

दंडे मॅडमनी त्याला अर्ज दाखवला. "हा तुम्हीच टाइप केला?"

"हो जी."

"यातला मजकूर आरोपींनी तुम्हाला सांगितला, बरोबर?"

विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं. हो म्हटलं तर साहेब सुटण्याची शक्यता होती आणि धावजी कायमचा धमकी देणारा ठरणार होता. नाही म्हटलं तर झाडाखालचा धंदा बुडणार होता, आणि ज्या माणसाने 'असं तो म्हणाला नव्हता' असं बजावलं होतं, त्याला तो तुरुंगात ढकलणार होता. स्वच्छ हात असा कुठल्याच बाजूला नव्हता.

"नाव आणि बांधाचा वाद त्यांनी सांगितला. धमकी मी घातली," तो म्हणाला.

मॅडमनी प्रश्न पुन्हा विचारला. उत्तर तेच आलं. त्यांनी हातातला कागद टेबलावर ठेवला आणि साक्षीदार फितूर झाल्याचं सांगून त्याची उलटतपासणी घेण्याची परवानगी मागितली.

"नगराळे, फिर्यादीकडून कोणी तुम्हाला भेटलं होतं?"

"नाई जी."

"फिर्यादी तुमच्या समाजाचा?"

"नाई. तो बंजारा हाय. मी बौद्ध."

"मग आज, इतक्या दिवसांनी, ही आठवण कशी झाली?"

"आठवण पह्यल्या दिवसापासूनच हाय. कोणी विचारलं नव्हतं."

"आपण खोटा मजकूर तयार केला, असं तुम्ही शपथेवर सांगताय. याचा परिणाम तुमच्यावर काय होईल, कळतं?"

"कळते."

मग सरकारी वकील उठले. धमकी तुम्ही घातली याला आधार काय, असं त्यांनी विचारलं. गोविंदाने पिशवीतून फाइल काढली. अकरा प्रती न्यायाधीशांपुढे गेल्या. त्यांनी पहिली वाचली, दुसरी वाचली, तिसरीपासून नुसतं बोट ठेवत ओळ शोधत गेले. दंडे मॅडमनी हरकत घेतली, ती नोंदवली गेली. टंकलेखिकेने एकदा मान वर करून गोविंदाकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

"आरोपीने हा मजकूर वाचला होता?" न्यायाधीशांनी विचारलं.

"वाचला होता. असं तो म्हणाला नव्हता, असं मले म्हणाले. मी म्हटलं, असं लिहाच लागते. मंग सही केली."

हे सांगितल्याने साहेबांचं भलं झालं की नुकसान, ते त्याला कळलं नाही. धमकी खोटी आहे हे साहेबांना ठाऊक होतं, असा त्याचा अर्थ निघत होता. ते प्रामाणिकही होते, असाही निघत होता. साहेबांनी डोळे मिटून घेतले होते.

चार वाजून वीस मिनिटांनी तो बाहेर आला. व्हरांड्यात दंडे मॅडम त्याच्या बाजूने न थांबता गेल्या. साहेब मागून येत होते. ते थांबले.

"दिवाळीआधी मी आलो होतो, तेव्हा सांगायचं होतं नगराळे. तो तसं म्हणाला नव्हता हे मीच विसरलो. मी वर्षभर ते वाक्य खरं समजून जगलो."

साहेब जिन्याचा कठडा धरून खाली उतरले.

धावजी खांबाला टेकून उभा होता. गोविंदा त्याच्याजवळ गेला. दोघं आजवर एकदाही बोलले नव्हते. एकाच्या हातचं वाक्य मात्र दुसऱ्याच्या तोंडी जवळजवळ तीन वर्षांपासून होतं.

"रामराम," गोविंदा म्हणाला. "मी नगराळे."

"आयकलं आतमंदी."

"चुकलं माह्याकडून."

धावजीने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही मले कधी पाह्यलं होतं का?"

"नाई."

"मंग नाव कसं लिहिलं बावा?"

"साहेबानं सांगतलं. मी लिहिलं."

"वाक्य चांगलं लिहिता म्हणा तुम्ही," धावजी म्हणाला. "ठाण्यात मुन्शीनं वाचून दाखवलं तवा मलेच माहं भेव वाटलं. म्हटलं, इतकं मोठं मी कवा बोललो. घरी तर हे मले बोलू देत नाई." त्याने जमनीकडे हनुवटी केली. जमनी हसली नाही.

"आता सुटलं तुमचं," गोविंदा म्हणाला. "आज लिहून गेलं कोर्टात. तुम्ही धमकी देल्ली नाई म्हणून."

"कोर्टात सुटलं असन. ठाण्यात कुठी सुटलं?" जमनी पहिल्यांदा बोलली. "दर महिन्याच्या एक तारखेले हजेरी हाय यायची."

गोविंदाला कळेना. गोळी लागली याला, आणि हजेरी याची?

मग धावजीने सांगितलं. पांढरीपांड्यांच्या अर्जाची पडताळणी झाली तेव्हा हद्दीतल्या ठाण्याने त्याचं नाव एका वहीत घेतलं होतं. संशयित इसम. तेव्हापासून महिन्यातून एकदा जाऊन अंगठा द्यायचा. त्या दिवशी तो साहेबांच्या फाटकात गेला तो नाव का दिलं ते विचारून ही हजेरी बंद करा म्हणून सांगायलाच. दवाखान्यात असताना दोन हजेऱ्या चुकल्या, तर शिपाई तांड्यावर येऊन गेला. पाय बरा नसला तरी यावं लागतं. तांड्यापासून ठाणं सात किलोमीटर.

"हे तुम्ही साक्षीत नाई सांगतलं?"

"विचारलं तेवढंच सांगावं म्हणे."

गोविंदाने ऑटो केली आणि साडेपाचला तो त्या ठाण्यात पोहोचला. मुन्शी, म्हणजे ठाण्यातला लिहिणारा हवालदार, ओळखीचा होता. शस्त्र परवान्याच्या पडताळणीचे कागद याच टेबलावरून जायचे.

"वही मी लिहिली नाई भाऊ, मागच्याच्या मागच्यानं लिहिली," मुन्शी म्हणाला. "नाव चढवायले आमचा शेरा पुरते. उतरवायले वरच्या साहेबांचा हुकूम लागते."

"आज कोर्टात मी साक्ष देल्ली. धमकी खोटी होती."

"मंग आण ना नक्कल. साक्षीची खरी नक्कल, त्यासोबत अर्ज. अर्ज कसा लिहायचा ते तुले काय सांगू?" मुन्शीने पान लावलं. "नक्कल भेटायले महिना तरी जाईन. मंग अर्ज वर जाईन, चौकशीले खाली येईन."

"तवरिक?"

"तवरिक वही हाय तशी हाय."

गोविंदाने वही पाहायला मागितली. मुन्शीने नाही म्हटलं, मग इकडंतिकडं पाहून लांबूनच उघडून दाखवली. धावजीच्या नावापुढे कारण लिहिलं होतं. हस्ताक्षर वेडंवाकडं होतं, पण वाक्य जसंच्या तसं उतरवलेलं. या ठाण्याच्या हद्दीत त्याच वाक्याचे आणखी दोन अर्ज होते. त्यातली नावं घेऊन तीही वहीत आहेत का, असं त्याने विचारलं. मुन्शीने वही मिटली.

"एकाचं पाहाले आला ना? एकाचंच पाह्य."

परत येताना त्याने तांड्याच्या वाटेवर ऑटो थांबवली. धावजी आणि जमनी बसमधून उतरून पायीच चालले होते. त्यांना बसवून घेतलं. नक्कल काढून अर्ज मी करतो, असं गोविंदाने सांगितलं. धावजी हो म्हणाला. उद्या हजेरीला मी सोबत येतो, असंही सांगितलं.

"तुम्ही कायले?" धावजी म्हणाला. "अंगठा माहा लागते."

तांड्याच्या तोंडाशी ते दोघं उतरले. गोविंदा घरी पोहोचला तेव्हा सात वाजायला आले होते. त्याने एका वहीच्या मागच्या पानावर उरलेली दहा नावं आणि गावं आठवून लिहून काढली. त्यातल्या किती जणांची हजेरी कुठे लागते, हे त्याला माहीत नव्हतं. कागद पाहून ते कळत नाही, गावोगाव जाऊनच विचारावं लागेल.

उद्या गुरुवार, १ फेब्रुवारी. न्यायालयाची नक्कल खिडकी अकराला उघडते. धावजी राठोडच्या हजेरीची वेळ सकाळी दहा ते बारा.